पूर्वेच्या कोपऱ्यातलं गवत

आमचं गाव मौद्याच्या पुढं, तलावाच्या काठाले. आम्ही धीवर, बापजाद्यापासून मासे धरणारे, पण माह्या लहानपणी तलावात पाणी होतं अन् मासेच नव्हते, आता काय सांगू तुम्हाले, धीवराच्या घरी रोज भात अन् अंबाडीची भाजी. माय दुसरीकडचे मासे आणून टोपल्यात विके. बाया विचारत, तुमच्याच तलावाचे हायेत न वं, तं माय खाली मान घालून तराजू धरे. बाबा दिवाळी झाली की वीटभट्टीवर जाये ते पावसाळा लागल्यावरच घरी.

मी बी.एस्सी. झाली, वनस्पतीशास्त्रात, नागपूरले शिकून. आमच्या घराण्यात पोरातही पहिली अन् पोरीतही पहिली, हे मी मिरवूनच सांगते, काहून नाही सांगायचं? तं शिकता शिकता मले समजलं का आपल्या तलावात गवतच राहिलं नाही. काठानं सारी बेशरमाची झुडपं माजलेली, आत पाण्यात काहीच नाही. पाण्यातल्या गवतात मासा अंडी घालते, गवत नाही तं मासा नाही, मासा नाही तं पाखरू कशाले येईल?

मासेमारी संस्थेच्या बैठकीत मी उभी राहिली. अध्यक्ष रामाजी काका म्हणाले, शिकली अन् गवत लावाले निघाली, मंग म्हशी घेऊन दे न सोबत. सारे हसले. बाबा मागं बसून होता, तो उठला, म्हणाला, पूर्वेचा कोपरा माह्या जाळ्याचा हाय, मी तिथं जाळं नाही टाकत, तिले द्या. काका म्हणाले, एक पावसाळा देतो गा, नाही जमलं तं आम्ही सारेच टाकू तिथं जाळं. म्हणजे बाबाची हक्काची जागाही गेली असती. घरी आल्यावर माय त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही.

उन्हाळ्यात आम्ही पंधरा-वीस बायांनी बेशरम मुळासकट उपटली. तिचा चीक लागून हात खाजत, तरी बाया म्हणत, उपट वं, नावासारखीच हाय मेली, उद्या परत उगवते. मंग मी दुसऱ्या तलावातून गवत आणलं, मुळं स्वच्छ धुतली, पुस्तकात ओळखून घेतलं अन् कोपऱ्यात उरलेल्या पाण्यात ओळीनं खोचलं. सकाळी जाऊन पाहते तं सारं वर तरंगून काठाले लागलेलं. एका म्हशीनं तं नाश्ताच केला. मी तिथंच रडली.

बाबा आला, त्या साली या कामासाठी भट्टीवरून लवकर परतला होता. म्हणाला, काय वं पोरी, मुळं धुतली काहून? गवताले त्याचा चिखल नको काय? मंग त्यानं मले शेजारच्या गावच्या तलावात नेलं, कमरेइतक्या पाण्यात उभं केलं अन् म्हणाला, डोळे मीट, आता पायानं पाह्य. हे फितीसारखं लांब लागून राहिलं न, याच्यात मासा अंडी घालते. हे खरखरीत, हे झिंग्याचं घर. अन् काठाले हे देवधान, आपोआप उगवणारं रानधान, याच्यात पाखरू लपते. जलमभर जाळं घेऊन पाण्यात चाललेला माणूस, त्याच्या तळपायाले सारं माहीत. मी तीन वर्षं शिकली, पण पानं पाह्यली होती, पाण्याखाली पाय नव्हता ठेवला.

मंग कोपरा आटल्यावर आम्ही तिथला सुकलेला गाळ नांगरला, गवताचे गड्डे चिखलासकट आणले अन् पहिला पाऊस पडल्यावर, तलाव भरायच्या आत, बायांनी ओल्या मातीत दाबले, धानाचा रोवणा करतो तसेच. वाकता वाकता गाणीही म्हटली. पावसाळाभर पाणी गढूळ, खाली काय चाललं ते दिसेच नाही. मी रोज जाऊन उभी राही. रामाजी काका सायकलवरून जाता जाता विचारत, काय वं मॅडम, उगवलं काय? मी म्हणो, उगवते. मनातून काही खात्री नव्हती.

आश्विनात एक दिवस काका स्वतःच घरी आले. दारातूनच म्हणाले, पोरी, चाल. बाबा, माय, आम्ही सारे गेलो. कोपऱ्यात पाणी निवळलं होतं अन् खाली हिरवंगार. काठच्या देवधानात टिबुकली, पाण्यात बुडी मारणारं बारकं पाखरू, घरट्यावर बसलेली, आम्हाले पाहून तिनं अंड्यांवर भरभर ओलं गवत ओढलं अन् बुडी मारली. काका कुजबुजले, मागं सरका गा, तिले भेव लागते. ज्या माणसानं म्हशी घेऊन दे म्हटलं होतं तो टिबुकलीसाठी आम्हाले दटावून राहिला होता! बाबानं माह्या डोक्यावर हात ठेवला. माय म्हणाली, सुखी राह्य वं बाई, अन् ते मले म्हणाली का टिबुकलीले, अजून ठाऊक नाही.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात आम्ही एक एक कोपरा लावत गेलो. तलावात मरळ आली, शिंगी आली, झिंगे आले. बाबा आता भट्टीवर जात नाही. अन् पूर्वेच्या कोपऱ्यात कोणीच कधी जाळं टाकायचं नाही, असा संस्थेचा ठराव झाला. बैठकीत तो मीच वाचून दाखवला, खाली साऱ्यांच्या सह्या हायेत.