हालवरसनसाहेबांना एक बाक

सन्माननीय सभापती महोदय, व्यासपीठावरचे गव्हर्नरसाहेब, आजचे सत्कारमूर्ती, आपल्या राज्य विधिमंडळाचे सेनेटर ड्वाइट हालवरसन, आणि भाषणं कधी संपतात म्हणून सफरचंदाच्या पाईकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

साहेब आज निवृत्त होताहेत आणि उद्यापासून त्यांच्या समितीचं अध्यक्षपद माझ्याकडे येतंय. चांगलंच बोल, असं मला बजावून पाठवलंय. बोलते की!

साहेबांनी कधी कुणाला 'नाही' म्हटलं नाही. वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारला लगाम घालायचा, तर राज्यांनी मिळून घटनादुरुस्तीची परिषद मागावी, हा आमचा ठराव त्यांनी फेटाळला का? छे! नुसता सुनावणीला घेतला नाही. भिजत घोंगडं ठेवावं ते साहेबांनीच.

माझे बाबा, ओरिन टिबेट्स, मेंढ्या पाळायचे. वॉशिंग्टनच्या एका हुकमाने कुरण बंद झालं, कळप विकावा लागला. ठरावाच्या बाजूने साक्ष द्यायला ते दर हिवाळ्यात बर्फ तुडवत इथे यायचे. इस्त्रीचा शर्ट घालून, टोपी मांडीवर ठेवून, समितीच्या दाराबाहेर बाकावर बसायचे. संध्याकाळी साहेब बाहेर येत, खांद्यावर थोपटत. "अरे ओरिन, एवढी घाई काय गड्या? पुढच्या अधिवेशनात बघू!"

बाबा म्हणायचे, "माणूस गोड आहे गं." माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. ती अजून विझलेली नाही, खोटं कशाला बोलू? बाबा गेले. त्यांना कुणी आत बोलावलंच नाही.

असो. विलो नदीवरच्या नव्या पुलाला आपलं नाव असावं, अशी साहेबांची फार इच्छा आहे. हसू नका, त्यांच्या सौभाग्यवती समोर बसल्यात. पण पुलाची जागा निघाली वॉशिंग्टनच्या मालकीची, आणि तिथून साफ नकार आला. परवा साहेब माझ्याकडे आले, अगदी रडकुंडीला. "लोरेटा, पोरी, आपल्या राज्याला एवढाही अधिकार नसावा?"

साहेब, बाबांना हेच तर सांगायचं होतं!

तेव्हा तुमच्या पुलाआधी आमचा ठराव. त्याच्या बाजूने पहिली साक्ष तुमची, सगळ्यांदेखत. तोवर ही आमची भेट. ओढा रे ती चादर! ओळखलात ना बाक? त्याच दाराबाहेर ठेवणार आहोत. बसून घ्या, हाक मारीन. एवढी घाई काय?

संयोजकांचे आणि आचाऱ्यांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर पदरात घ्या. पण आजच घ्या. पुढच्या अधिवेशनाची वाट बघता बघता माणसं मरतात.