मागच्या खिडकीवरचा डाग

चाकच तेवढं बसवायचं होतं हो. ते बसवून गप्प राहिलो असतो, तर आज हा चहा गोड लागला असता.

उत्तनच्या सबिनाबाई नवऱ्याने बनवलेली छोटी प्लास्टिकची जीप घेऊन माझ्याकडे भाईंदरला आल्या. नवरा गेल्या वर्षी वारला. म्हणाल्या, "भाऊ, चाक निखळलं हाय. तुम्ही असल्या गाड्या बनवता ना, तेवढं बसवून द्या."

चाक दहा मिनिटांत बसलं. पण मागच्या खिडकीवर पांढरट डाग होता. सुपरग्लू लागलेला हात काचेला टेकला की पडतो, तसा. मला राहवेना. बारीक वॉटर पेपर भिजवून घासला, मग टूथपेस्ट लावून फडक्याने चोळत बसलो. चार संध्याकाळी गेल्या.

बायको म्हणाली, "त्यांनी सांगितलंय का?"

"सांगायला कशाला हवं? डाग तो डागच."

रविवारी सबिनाबाई आल्या. चाक फिरवून हसल्या. मग जीप वळवली आणि मागच्या खिडकीवरून नुसतं बोट फिरवत राहिल्या.

"हितं त्याचा अंगठा होता."

"सुपरग्लूचा डाग होता तो. काढला मी."

"अंगठाच होता, भाऊ. मी रोज त्याच्यावर माझा अंगठा ठेवायची. फोटो हाय, कपडे हायेत. अंगठा आता कुठंच न्हाय."

चहा न घेताच गेल्या.

रोजच्या सवयीने मी शनिवारी वहीत नोंद केली होती. माझंच अक्षर आहे: 'डाग पूर्ण गेला. त्यातल्या बारीक रेघासुद्धा.'