सरांच्या घराची किल्ली

(सुट्टीतलं विद्यापीठ. समाजशास्त्र विभागातली संशोधकांची खोली. पंखा एक, माणसं दोन. दोघंही एकाच सरांकडे प्रबंध करतात. तो इतकी वर्षं करतोय की विभाग त्याला आजोबा म्हणतो. ती सगळ्यांत नवी, म्हणून धाकटी.)

आजोबा : आणि चहा कोणी केला?

धाकटी : मॅडमनी.

आजोबा : स्वतः?

धाकटी : गॅस त्यांनी पेटवला. पाणी आपलं आपण उकळलं.

आजोबा : मी सहज विचारतोय. किल्ली न्यायला बोलावलं, किल्ली दिली, विषय संपला. त्यात चहा कुठून आला, एवढंच.

धाकटी : तुम्हाला नव्हते देत?

आजोबा : मला पहिल्या उन्हाळ्यात पाणी दिलं. दुसऱ्या उन्हाळ्यापासून झारी दिली.

धाकटी : मला झारी दाखवलीच नाही. मी बाटलीनं घालते.

आजोबा : बाटलीनं. त्या नेच्याच्या नाजूक कुंडीला.

धाकटी : पितो की तो.

आजोबा : पितो गं, पिणारच. तहानलेल्याला काय कळतंय. झारी बाथरूमच्या दारामागे असते. मधल्या खोलीचं दार जरा उचलून ढकलायचं, नाहीतर घासतं. हे सांगितलं?

धाकटी : सरांनी दोनदा करून दाखवलं.

आजोबा : मला एकदाच. म्हणजे मला एकदा पुरलं. चहा ग्लासात होता की कपात?

धाकटी : कपात. निळ्या किनारीच्या.

आजोबा : तो कप बाहेरून येणाऱ्या परीक्षकांचा आहे.

धाकटी : कान तुटलाय त्याचा.

आजोबा : परीक्षक तसाच धरतात.

धाकटी : आजोबा, खरं सांगा. राग आलाय ना तुम्हाला?

आजोबा : कशाचा? उलट सुटलो मी. दर उन्हाळ्यात सर-मॅडम लेकीकडे जाणार आणि मी इथे त्यांच्या कुंड्या आणि मांजर सांभाळणार. माणसाला प्रबंध आहे, घर आहे, पाठ आहे. माझी पाठ धरली होती मागच्या वर्षी.

धाकटी : मग आठवडाभर माझ्याशी बोलत का नव्हता?

आजोबा : रांगेत मागे उभं असलेलं माणूस अचानक पुढे दिसलं, की आधीची माणसं बोलणं थांबवतात. त्यात राग नसतो. माझ्या रांगांवरच्या प्रबंधात, चौथ्या प्रकरणात मी ते मांडलंय.

धाकटी : शेजारी पाहुणे आले, की माणसाला नेमकी त्याच बाजूची खिडकी पुसावीशी वाटते. माझं पहिलं प्रकरण.

आजोबा : याचा इथे काय संबंध?

धाकटी : सरांच्या समोरच्या काकू विचारत होत्या, तो दाढीवाला कोण म्हणून. रोज संध्याकाळी फाटकापाशी थांबतो म्हणे आणि बाल्कनीकडे बघत मान हलवतो.

आजोबा : मी चहाला जातो त्या रस्त्यानं.

धाकटी : टपरी वसतिगृहाच्या दुसऱ्या अंगाला आहे.

आजोबा : ती सुट्टीत बंद असते. म्हणून मी उलट्या बाजूनं जातो.

धाकटी : बंद टपरीकडे उलट्या बाजूनं.

आजोबा : तू शेजाऱ्यांच्या भांडणांवर प्रबंध करतेस हे ठीक आहे, पण सगळीकडे क्षेत्रकार्य काढू नकोस. मी म्हटलं ना, मला काही वाटलं नाही. फक्त पद्धत म्हणून एक गोष्ट असते. किल्ली ज्येष्ठाकडे जाते. माझ्याआधी ती टकल्याकडे होती, त्याच्याआधी त्या उंच बाईंकडे. किल्ली म्हणजे काय नुसतं घर उघडणं नाही. सर आपल्यामागे कोणाला बघतात, ते त्यातून कळतं. विभागात सगळ्यांना माहीत आहे.

धाकटी : टकले सध्या काय करतात?

आजोबा : विम्यात आहे. बरं चाललंय त्याचं.

धाकटी : आणि त्या उंच बाई?

आजोबा : त्यांनी पाळणाघर काढलं. छान चालतं. माणसं सोपवून जातात, त्यांना सवय होतीच.

धाकटी : प्रबंध पुरा झाला का दोघांचा?

आजोबा : टकल्याचा शेवटच्या प्रकरणात अडकला. बाईंचा प्रस्तावनेत.

धाकटी : आणि ज्यांना किल्ली कधीच मिळाली नाही? ते जाड चष्मेवाले, त्या कोपऱ्यात बसणाऱ्या दोघी?

आजोबा : ते काय, ते लागले सगळे प्राध्यापक म्हणून. कोण कुठे, कोण कुठे.

धाकटी : सगळे?

आजोबा : सगळे म्हणजे, हो, सगळे. पण त्यांच्याकडे होतं काय? नुसता प्रबंध. मॅडमना विचार त्यांतल्या एकाचं तरी नाव. माझं मात्र मांजरालासुद्धा माहीत आहे.

धाकटी : मांजर तुम्हाला ओळखतं, हे खरं.

आजोबा : त्याच्यासमोर बसावं लागतं ते जेवताना. कोणी ऐकायला असल्याशिवाय तोंड उघडत नाही, सरांसारखंच आहे. तू नुसती वाटी ठेवून निघतेस. ते कसं खाईल?

धाकटी : मी नुसती वाटी ठेवते, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

आजोबा : अंदाज.

धाकटी : काल सरांना फोन केलात?

आजोबा : केला असेल. सुट्टीत गुरूंची चौकशी करू नये का माणसानं? लेकीकडे हवा कशी आहे, गुडघा कसा आहे. तुझ्या पिढीला हे सुचत नाही.

धाकटी : गुडघ्यानंतर काय बोललात?

आजोबा : ओघात निघालं. मी म्हटलं, काळजी करू नका, कुंड्या जरा माना टाकून आहेत, पण मुलगी नवीन आहे, शिकेल. मी चांगलंच बोललो तुझ्याबद्दल.

धाकटी : आणि मांजराबद्दल?

आजोबा : म्हटलं, थोडं उतरलंय.

धाकटी : सरांनी मला सकाळी फोन केला. म्हणाले, फासळ्या दिसतात असं ऐकलं.

आजोबा : फासळ्या त्यांनी धरल्या. मी फक्त बरगड्या म्हटलं.

धाकटी : आजोबा, ते मांजर समोरच्या काकूंकडे नाश्ता करतं, मग माझ्याकडे जेवतं. त्याला सोफ्यावर उडी मारता येईनाशी झाली आहे. खाली बसून माझ्याकडे बघतं, मी उचलून ठेवते.

आजोबा : मला लांबून बारीक वाटलं.

धाकटी : फाटकापासून?

आजोबा : कडेनं दिसलं असेल.

धाकटी : मॅडम रडल्या म्हणे रात्री. सर म्हणाले, बाई गं, तू मनाला लावून घेऊ नकोस, पण घर आजोबांकडेच दे. ही घ्या.

आजोबा : काय ही?

धाकटी : किल्ली. मोठी फाटकाची, छोटी दाराची. तुम्हाला माहीतच आहे.

आजोबा : असं म्हणाले? आजोबांकडेच दे? "च" होता त्यात?

धाकटी : होता.

आजोबा : बघ, म्हणजे मी काही मागितली नव्हती. पाठीचं मी सांगणारच होतो. पण आता ते म्हणतातच आहेत तर. तू वाईट वाटून घेऊ नकोस. नवीन माणसाला एकदम घर झेपत नाही. पुढेमागे तुलाही मिळेल.

धाकटी : मला वाईट वाटत नाहीये.

आजोबा : वाटलं तरी चालतं. मी तुझ्या जागी असतो तर मला वाटलं असतं.

धाकटी : तुम्ही तुमचा पूर्ण प्रबंध सरांना कधी दिला होता?

आजोबा : मागच्या पावसाळ्याआधी. टेबलावर उजवीकडच्या गठ्ठ्यात होता. वर मी त्यांचं कपाट साफ करताना काढलेली वर्तमानपत्रं आली. मध्ये कधीतरी मी वरची वर्तमानपत्रं उचलली, तर सर म्हणाले, राहू दे, हात लावू नकोस.

धाकटी : तो गठ्ठ्यात नाहीये आता.

आजोबा : नाहीये म्हणजे?

धाकटी : सर तो बरोबर घेऊन गेलेत. मी किल्ली न्यायला गेले तेव्हा त्यांनी तो माझ्यासमोर बॅगेत घातला. मॅडमच्या साड्या काढून. म्हणाले, आजोबांना या वर्षी किल्ली नको. तो घरात येत राहिला की मला त्याचं वाचावंसं वाटत नाही, सोयीचा आहे फार. या सुट्टीत सगळा वाचून संपवतो आणि विद्यापीठ उघडलं की परीक्षकांकडे धाडतो. एकदाचा मोकळा करतो त्याला.

आजोबा : मोकळा करतो म्हणाले.

धाकटी : हो.

आजोबा : हे तू मला आत्ता सांगतेस?

धाकटी : सांगू नकोस म्हणाले होते. म्हणाले, कळलं की हा चौथं प्रकरण पुन्हा लिहायला घेईल.

आजोबा : घेतलं असतं. त्यात एक परिच्छेद लंगडा आहे. पण तरी. तू मला इथे रोज तळमळताना बघत होतीस.

धाकटी : बघत होते. मग मी काय करू? मला दिला एक चहा आणि वर एक घर. तुमचा प्रबंध साड्या काढून बॅगेत. माझं एक प्रकरण गेल्या हिवाळ्यापासून तुमच्याच वर्तमानपत्रांखाली आहे. तुम्ही त्या कपासाठी जळत होता, ते बघून मला जरा बरं वाटत होतं.

आजोबा : बरं वाटत होतं.

धाकटी : खोटं कशाला बोलू?

आजोबा : बरं, ते जाऊ दे. आत्ता कितवं प्रकरण वाचतायत? काही म्हणाले?

धाकटी : तिसरं झालं म्हणे. आवडलं त्यांना. ती पिशवी रांगेत ठेवून माणूस सावलीत जातो, ते उदाहरण त्यांनी जावयाला वाचून दाखवलं.

आजोबा : जावयाला.

धाकटी : पण सकाळी म्हणाले, आता ठेवून दिलाय. म्हणाले, ज्याचं लक्ष माझ्या बाल्कनीत इतकं आहे, त्याला घाई दिसत नाही. आणि आता मांजराची शुश्रूषा करायची म्हणजे दुरुस्त्या कधी करणार तो? पुढच्या सुट्टीत निवांत बघू.

आजोबा : पुढच्या.

धाकटी : हो. आणि मला म्हणाले, तुझे हात आता रिकामे झालेत, तर तुझं ते राहिलेलं प्रकरण पाठव. आलोच आहे तर काहीतरी वाचून होऊ दे.

आजोबा : पाठवलंस?

धाकटी : दुपारीच.

आजोबा : लगेच?

धाकटी : तुम्ही असता तर काय केलं असतं?

आजोबा : तसंच. फोन न ठेवताच पाठवलं असतं.

धाकटी : ऐका. अजून वेळ गेलेली नाही. त्यांना फोन करा. सांगा, मांजर ठणठणीत आहे, कुंड्या ठीक आहेत, माझा गैरसमज झाला. किल्ली मी परत घेते. माझं प्रकरण थांबेल, थांबू दे. ते तसंही कच्चं आहे.

आजोबा : गैरसमज कसा झाला म्हणून विचारतील.

धाकटी : सांगायचं.

आजोबा : काय सांगू? सर, मी तुमच्या फाटकाशी उभा राहतो, कारण तिला चहा मिळाला? या वयात?

धाकटी : एकतीस म्हणजे काही वय नाही.

आजोबा : विभागात आहे. आणि मॅडम रडल्या म्हणतेस. त्यांना आता कळलं की मांजर जाड आहे, तर त्या मला उभ्या जन्मात दारात घेणार नाहीत.

धाकटी : पण प्रबंध होईल.

आजोबा : होईल ना. होतो सगळ्यांचा. त्या कोपऱ्यातल्या दोघींचासुद्धा झाला.

धाकटी : मी नंबर लावून देते. बोला तुम्ही.

आजोबा : नको. लावू नकोस. त्यांच्या जेवणाची वेळ आहे.

धाकटी : दुपारचे चार वाजलेत.

आजोबा : तर झोपेची असेल. ठेव तो फोन.

धाकटी : घरी काय सांगणार? तुमच्या आई परवा मला विचारत होत्या, या सुट्टीत संपतंय ना त्याचं, म्हणून. तुम्ही फोन उचलला नाही, तर माझ्याकडे आला.

आजोबा : तू काय म्हणालीस?

धाकटी : मी म्हटलं, सर वाचतायत.

आजोबा : खरं बोललीस की मग. त्या वेळी.

धाकटी : आता परत फोन येईल त्यांचा.

आजोबा : येऊ दे. मी उचलीन. सांगेन, आई, सरांचा अख्ख्या विभागात माझ्याशिवाय कोणावर विश्वास नाही.