तेलकट नोटा

नुकुआलोफा शहरातल्या दुकानात सेइनी वह्या घेऊन रांगेत उभी होती. तिच्यापुढे लुपेमावशी होत्या. नाचाचा संच चालवणाऱ्या मावशींना नोटा मोजायचं मशीन हवं होतं. दुकानदारानं एक काढून समोर ठेवलं.

“मावशी, हे घ्या. मिनिटाला हजार नोटा मोजतं.”

“माझी गड्डी घालून दाखव.”

“अडकलं की! नाचातल्या नोटा वाटतं?”

“मग काय! पोरी खोबरेल चोपडून नाचतात, लोक दंडावर नोटा चिकटवतात. आजचं आहे का हे?”

“मग धुऊन घाला.”

“आणि दोरीवर वाळत टाकू? शेजारी काय म्हणतील?”

“नाहीतर पोरींना तेल कमी लावायला सांगा.”

“तेल नसेल तर नोटा चिकटतील कशा? मग तुझ्या मशीनमध्ये मोजू काय, कपाळ?”

मागे सेइनीनं हातातली तेलकट नोट हळूच स्कर्टला पुसली.