डोळे मिटलेला फोटो

हां, मिटलीत पापणी! पुन्हा बसा. हनुवटी खाली — अहो एवढी नको, चोरी पकडल्यासारखे दिसताय. तुमचं ठीक आहे हो, पासपोर्टचा फोटो, दहा वेळा काढू. उद्घाटनाला कोण दहा वेळा काढू देतं? — देतात म्हणा. भिंतीवरचा तो बघा, फीत कापतानाचा. ती तिसरी फीत! पहिल्यांदा कात्री बोथट, दुसऱ्यांदा साहेब मोबाइलवर. आणि लोक मला म्हणतात, काय क्षण टिपता हो तुम्ही! कसला क्षण? त्या वृक्षारोपणाच्या फोटोत अकरा माणसं आहेत, झारी रिकामी आहे, आणि रोप कुणाच्या तरी बुटाखाली आहे. सतरा वर्षं हेच करतोय मी, नगरपालिकेचा ठरलेला माणूस.

खरा क्षण एकदाच आला. नव्या पंपहाऊसचं उद्घाटन. अध्यक्षांनी बटण दाबलं — पाणी नाही. परत दाबलं — नाही. टाळ्या वाजवायला आणलेली मंडळी हात उचलून तशीच बसलेली! तेवढ्यात मागून एक म्हातारा आला, बाजूचं ते मोठं लोखंडी चाक दोन्ही हातांनी फिरवलं, आणि असं धाडकन पाणी आलं म्हणता! मी क्लिक केलं. अध्यक्षांचं बोट अजून बटणावर, तोंड उघडं, आणि म्हातारा चाक धरून पाण्याकडे बघतोय, स्वतःचं पोर बघावं तसा. — कोण काय, आमचे बाबा! जुन्या पंपावर तीस वर्षं काढली त्यांनी. बोलावलं कुणी नव्हतं, आपले आपणच गेले.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांचा पीए आला. फोटो झकास आहे, म्हणाला, ते गृहस्थ तेवढे काढून टाका. — मी? मी कशाला सांगतोय, ते गृहस्थ माझे वडील म्हणून? काम जायचं हातचं! कापले. फोटोतून बाबा गेल्यावर काय मस्त दिसायला लागलं, माहितीये? बटणानंच पाणी आल्यासारखं. सभागृहात लावलाय, मोठा करून.

मग बाबांनी विचारलंच, "मी आलोय का रे त्यात?" मी म्हटलं, तुमच्या फोटोत डोळे मिटलेले आले, म्हणून तो नाही लावला. तर म्हणतात कसे, "अरेरे, चुकलंच माझं. पाणी उडालं ना तोंडावर." माझीच समजूत काढली, बोला! तेव्हापासून कॅमेरा दिसला की डोळे हे असे फाडून बसतात. माझ्या मुलीच्या वाढदिवसाच्या फोटोत तर भूत बघितल्यासारखे आलेत. सगळे हसतात. मीही हसतो — हसू नको तर काय करू?

आहे ना, अख्खा फोटो आहे, या खणातच आहे. दाखवायचा म्हणजे? चार वर्षांनी? काय सांगू, की बाबा, तुमचे डोळे चांगले टक्क उघडे होते, मीच तुम्हाला — अहो, इकडे बघा, कॅमेऱ्यात. दाराकडे काय बघताय? कोण आ—

बाबा.

कधीपासून उभे आहात?

नाही, हे आपलं — गिऱ्हाइकाशी काहीतरी — बसा ना. बाबा, बसा.

साहेब, तुम्ही उठा. फोटो उद्या काढू. — नकोत पैसे, काही नको. जा हो तुम्ही.