पाठ केलेला शेवट

निबंध कसा बांधावा, हे आमच्या भैंसा गावच्या शाळेतल्या मराठीच्या सरांकडूनच शिकावं बाप्पा! पहिला अन् शेवटचा परिच्छेद ते फळ्यावर लिहून देत, आमी पाठ करायचा. विषय कोणताही येवो, आपण फक्त मधलं भरायचं.

सहामाहीला विषय आला, ‘दारूचे दुष्परिणाम’. माझ्या मैत्रिणीनं, सुमननं, मधे दारूपायी बुडालेलं घर लिहिलं अन् खाली पाठ केलेला शेवट ठोकला: ‘अशा या थोर देणगीचा घरोघरी प्रसार व्हावा.’ तिला दहापैकी नऊ! मी शेवट माझ्या मनानं लिहिला, तर मला तीन.

मी पेपर घेऊन गेले. म्हटलं, "सर, सुमननं मधे काय लिहिलं, ते तुमी वाचलं का?"

सर म्हणाले, "मधलं काऊन वाचू? ते मी शिकवलं होतं का?"