एक खोडलेला ‘ना’

सन्माननीय अध्यक्षमहाशय, म्हणजे आमचे मालक, व्यासपीठावरचे पाहुणे, छपाई आणि बांधणी खात्यातले माझे सहकारी, पहिल्या रांगेत बसलेले बाईंचे यजमान आणि सूनबाई, आणि एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर आज ज्यांना आपण निरोप देतोय त्या आमच्या मुद्रितशोधक बाई, सर्वांना नमस्कार.

मला दहा मिनिटं दिलीत आणि विषयही दिलात: ‘साहित्यातला सूर’. कुणी सुचवला ठाऊक नाही, पण त्याने नकळत माझ्या वर्मावर बोट ठेवलंय. मागे ऐकू येतंय ना? बरं.

आता हेच बघा. ‘ऐकू येतंय’ आणि ‘ऐकू येतंय ना’. फरक केवढासा? एका अक्षराचा! पण पहिल्यात मी तुम्हाला सांगतोय, दुसऱ्यात विचारतोय, थोडी काळजीही करतोय. घरात आपण दिवसभर असंच बोलतो. ‘जेव’ म्हणणारी आई रागावलेली असते, ‘जेव ना’ म्हणणारी काकुळतीला आलेली असते, आणि ‘जेव की’ म्हणणारी... जाऊ दे, तिच्या नादी न लागलेलं बरं.

मी इथे संपादक म्हणून चिकटलो तेव्हा मला ही अक्षरं म्हणजे निव्वळ पाल्हाळ वाटायची. ना, हं, की, बरं. दिसलं की खोड. एका कादंबरीतून एकशे चाळीस ‘ना’ काढले म्हणून मी चहाच्या वेळी फुशारकी मारत होतो. बाई समोरच होत्या. म्हणाल्या, “अगंबाई! म्हणजे आता त्या घरात सगळे तारा पाठवल्यासारखे बोलणार.” सगळे हसले. मीही हसलो.

ती कादंबरी एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांची. आयुष्यातलं एकुलतं एक पुस्तक. त्यात मुलगी बापाशी भांडून घर सोडते. बाप डोळ्याला भिंग लावून काम करत राहतो, मान वर करत नाही. एवढंच म्हणतो, “जा. येशील ना.”

मी ‘ना’ खोडला. काय उरलं? “जा. येशील.” पुन्हा ऐका. “जा. येशील.” म्हणजे जाशील कुठे, नाक घासत परत येशील! विनवणीचा टोमणा झाला.

प्रूफ बाईंकडे गेलं. त्यांनी ‘ना’ परत घातला आणि समासात पेन्सिलीने लिहिलं, ‘हा राहू द्यावा. यात बाप आहे.’ माझं डोकंच फिरलं. मुद्रितशोधकाने ऱ्हस्व-दीर्घ बघावं, बाप कसले बघता? मी ‘ना’ पुन्हा खोडला, खाली सही ठोकली आणि पुस्तक छापायला सोडलं.

महिन्याभराने ते गृहस्थ आले. हातात पुस्तक, त्या ओळीखाली निळ्या शाईची रेघ. रेघ त्यांच्या मुलीने मारली होती आणि पुस्तक परत पाठवलं होतं. सोबत साधी चिठ्ठीसुद्धा नाही. ते चिडले नाहीत हो. चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, “तेव्हा मी हळू बोललो होतो. दारातून तिला शेवटचं अक्षर ऐकू गेलं नसावं. ते ऐकू जावं म्हणून तर एवढं पुस्तक लिहिलं.”

अध्यक्षमहाशय, आपल्याला आठवत असेल. आपण विचारलंत, “प्रूफ कुणी पाहिलं?” मी म्हणालो, “बाईंनी.” वाक्यात खोटं काहीच नव्हतं. प्रूफ त्यांनीच पाहिलं होतं. पण ज्या सुरात मी ते म्हणालो, त्या सुरात चूक त्यांची झाली. मला ते कळत होतं. म्हणूनच तसं म्हणालो. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि “हो” म्हणाल्या. नुसतं “हो”.

पुढची एकोणीस वर्षं त्यांनी सूचिपत्रं आणि वेळापत्रकं तपासली. कथा-कादंबरीचं एक पान त्यांच्या टेबलावर गेलं नाही. आमच्यातला सगळ्यांत तयार कान, आणि आपण त्यांना गाड्यांच्या वेळा वाचायला बसवलं. रोज सकाळी त्या मला “आलात?” म्हणून विचारायच्या आणि मी त्या ‘आलात’मध्ये राग शोधत बसायचो. एकदा जरी सापडला असता तर सुटलो असतो.

घड्याळवाल्यांचं दुकान पुढे बंद झालं. मुलगी आली की नाही, ठाऊक नाही. मी कधी चौकशीला गेलो नाही. तोंड कुठलं दाखवणार?

ते प्रूफ इतकी वर्षं माझ्या खणात, कुलपात होतं. आज आणलंय. अध्यक्षमहाशय, हे घ्या. समासातलं अक्षर बाईंचं, त्यावरची लाल काट माझी. सहीही माझीच.

संयोजकांनी मला बोलू दिलं, आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल मनापासून आभार. आता वक्त्याने म्हणायचं असतं, ‘बोलण्यात काही चुकलं असेल तर क्षमा असावी.’ जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं छाटली, आज स्वतःचं छाटतो. ‘बोलण्यात’ नको. ‘काही’ नको. ‘असेल तर’ तर मुळीच नको. चुकलं.

हे भाषण स्मरणिकेत छापणार आहेत म्हणे. प्रूफ कुणीही पाहो, पुढच्या वाक्यातलं शेवटचं अक्षर तेवढं राहू द्या.

बाई, माफ कराल ना.